उजेडाचे गणित, नकाशाची रेघ

आपण सीमाभागातली माणसे दुभाष्याचे मोल जाणतो. जमिनीचा उतारा कानडीत, घरची लग्नपत्रिका मराठीत, बँकेचा कागद इंग्रजीत. कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून देणाऱ्याने एक शब्द गाळला तर शेताचा बांध कसा सरकतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्यामुळे एका अगदी निराळ्या क्षेत्रातल्या भाषांतराची हकिकत वाचताना मला ती परकी वाटली नाही. हे क्षेत्र इमारतींचे. आमच्या शाळेच्या नव्या इमारतीचे निमित्त झाले आणि मी त्यात शिरलो. त्याविषयी पुढे सांगेनच.

कोणतीही इमारत उभी राहण्यापूर्वी दोन भाषांत मांडता येते. एक भाषा रेघेची. भिंत कोठे, दार कोठे, जिना किती पायऱ्यांचा, हे वास्तुविशारद नकाशात काढतो. दुसरी भाषा आकड्यांची. त्या भिंतीतून चैत्रातल्या दुपारी किती उष्णता आत येईल, त्या खिडकीतून श्रावणातल्या मळभात मागच्या बाकावर किती उजेड पोहोचेल, पंखे-दिवे यांना वर्षाकाठी किती वीज लागेल, हे ती सांगते. पहिली भाषा हजारो वर्षांची जुनी आहे, दुसरी जेमतेम शंभर वर्षांची. आणि दोघींची धड ओळख होऊन अजून पंचवीस-तीस वर्षेच झाली आहेत. मी इतिहासाचा एम. ए.; राजे आणि तह शिकवण्यात हयात गेली. पण खिडकीलाही इतिहास असतो आणि तोही भांडणापासूनच सुरू होतो.

हे भांडण इंग्लंडमधले. १८३२ सालच्या एका कायद्याने तेथे असे ठरले की, एखाद्या खिडकीतून २० वर्षे अखंड उजेड येत असेल तर शेजाऱ्याने भिंत उंच करून तो अडवता कामा नये. कायदा झाला, पण उजेड अडला म्हणजे नेमका किती कमी झाला, हे कोर्टात सिद्ध कसे करायचे? दोन्ही बाजूंचे साक्षीदार खोलीत उभे राहून एक म्हणे अंधार आहे, दुसरा म्हणे चांगले लख्ख आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पर्सी वॉल्डरॅम नावाच्या सर्वेक्षकाने यावर तोडगा काढला. मोकळ्या आकाशाखाली जितका उजेड पडतो त्याचा पाचशेवा हिस्सा टेबलावर पडत असेल तर साधारण माणूस तक्रार करत नाही. त्याखाली गेला की तो कुरकुरू लागतो. वॉल्डरॅमने याला शब्दही तसाच वापरला, 'ग्रंबल पॉइंट', म्हणजे कुरकुरीचा बिंदू. खिडकीतून आकाशाचा किती तुकडा दिसतो हे मोजण्याची एक जाळीदार आकृतीही त्याने तयार केली. उजेडाला आकडा मिळाला तो असा, शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या वादातून.

पुढे हे काम सरकारी झाले. लंडनच्या उत्तरेस वॉटफर्डजवळ गार्स्टन येथे इमारत-संशोधनाचे एक केंद्र होते. तेथल्या डफ्टन आणि बेकेट या दोघांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी 'हेलिओडॉन' नावाचे साधन बनवले. टेबलावर इमारतीची पुठ्ठ्याची प्रतिकृती ठेवायची, अक्षांश, महिना आणि वेळ यांप्रमाणे टेबल व दिवा यांची जुळणी करायची, आणि सावली कोठे पडते ते डोळ्यांनी पाहायचे. आपल्या भूगोलाच्या शिक्षकांनी पृथ्वीगोलासमोर मेणबत्ती धरून ऋतू समजावून सांगितले, तसेच हे. फरक इतकाच की पुठ्ठ्याचे घर खरे होणार होते.

आता मी ज्या प्रसंगाकडे येतो तो शिक्षकाने विसरू नये असा आहे. दुसरे महायुद्ध संपले आणि इंग्लंडमध्ये शाळांची बांधकामे मोठ्या प्रमाणात निघाली. १९४५च्या नियमांत असे घातले गेले की वर्गात बाहेरच्या उजेडाच्या निदान शेकडा २ इतका उजेड आला पाहिजे. हेतू उत्तम होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या अंधाऱ्या वर्गांत मुलांचे डोळे जात, ही खरी गोष्ट होती. पण शेकडा २ हा आकडा वर्गाच्या सर्वांत काळोख्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा तर खिडक्या प्रचंड कराव्या लागतात. तशा त्या झाल्या. शाळांच्या भिंती काचेच्या झाल्या आणि मग लक्षात आले की काचेतून केवळ उजेड येत नाही. उन्हाळ्यात ऊन येते, हिवाळ्यात आतली ऊब बाहेर जाते. नॉरफोक परगण्यात हन्स्टंटन येथे ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या तरुण दांपत्याने बांधलेली शाळा १९५४ साली पूर्ण झाली. पोलाद, काच आणि वीट, सगळे उघडे. वास्तुकलेच्या पुस्तकांत तिची छायाचित्रे आजही छापतात. परंतु तिच्यात बसणारी मुले उन्हाळ्यात भाजून निघत आणि थंडीत कुडकुडत, पोलादी चौकटी प्रसरण पावल्या की काचा तडकत. छायाचित्रात तापमान दिसत नाही, हेच खरे.

उजेडाचा हिशेब करणाऱ्याने उष्णतेचा हिशेब केला नव्हता आणि नकाशा काढणाऱ्याने दोहोंपैकी कोणताच केला नव्हता. मला तरी या सबंध इतिहासाचे मर्म येथेच दिसते. आकडे नव्हते असे नाही. ते तीन निरनिराळ्या माणसांकडे होते.

याच देशात उलट उदाहरणही आहे. लिव्हरपूलजवळ वॉलसी येथे एम्स्ली मॉर्गन नावाच्या वास्तुविशारदाने १९६१ साली एक शाळा उभारली. तिची दक्षिणेकडची सबंध भिंत काचेची. पण दुहेरी, दोन काचांत सुमारे दोन फुटांची पोकळी. आत जाड विटांच्या भिंती, वर जाड काँक्रीट, त्यावर उष्णतारोधक थर. इंग्लंडच्या थंडीत ती शाळा मुख्यतः सूर्य, विजेचे दिवे आणि खुद्द विद्यार्थी यांच्या उष्णतेवर उबदार राहिली. विद्यार्थ्यांची उष्णता हा विनोद नव्हे. शांत बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, मूल त्याहून थोडी कमी. साठ मुलांचा वर्ग म्हणजे चार-साडेचार किलोवॉटची शेगडी. एप्रिलमध्ये परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षण केलेल्या कोणत्याही शिक्षकाला हे पटावे. मॉर्गनने हे सर्व संगणकाशिवाय केले. उजेड, ऊब आणि रेघ एकाच माणसाच्या डोक्यात असल्याने त्याला दुभाष्या लागला नाही. पण असे माणूस गावोगावी मिळत नाही.

उष्णतेचे गणित उजेडाहून अवघड आहे, कारण भिंतीला स्मरण असते. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती दुपारी गार लागतात आणि रात्री उशिरा ऊब सोडतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. म्हणून उन्हाळ्यात अंथरुणे अंगणात वा माळवदावर पडत. आत्ता भिंतीतून जी उष्णता येते आहे ती काही तासांपूर्वीच्या उन्हाची. म्हणजे एका क्षणाचा हिशेब करायचा तर मागचे सगळे तास धरावे लागतात, आणि वर्षाचे तास ८७६०. कॅनडात ओटावा येथे स्टीफन्सन आणि मितालास यांनी १९६७ साली हे स्मरण ठरावीक गुणकांत बसवण्याची रीत मांडली. मागच्या प्रत्येक तासाच्या उन्हाला एकेक गुणक लावायचा आणि बेरीज करायची. संगणकाला अशी कंटाळवाणी बेरीज फार आवडते. अमेरिकेच्या टपाल खात्याने आपल्या इमारतींसाठी याच धर्तीवर एक कार्यक्रम लिहवून घेतला, तो १९७०च्या सुमारास.

तरी हे सारे अभ्यासकांपुरतेच राहिले असते. १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवले आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव पुढच्या जानेवारीपर्यंत १२ डॉलरच्या घरात गेला. इमारती किती तेल आणि वीज गिळतात, हा प्रश्न एका रात्रीत राजकारणाचा झाला. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत आर्थर रोझेनफेल्ड हे भौतिकशास्त्रज्ञ होते. एन्रिको फर्मीचे ते विद्यार्थी. अणूच्या पोटातल्या कणांचा अभ्यास सोडून ते खिडक्या, दिवे आणि भिंती यांकडे वळले. कॅलिफोर्निया राज्याने १९७८ साली इमारतींच्या ऊर्जावापराचे नियम केले आणि नियम म्हटला की तो पाळला की नाही हे तपासायला गणित आले. बर्कलीत आणि इतर राष्ट्रीय प्रयोगशाळांत मिळून जो कार्यक्रम तयार झाला, त्याचेच पुढे 'डीओई-२' असे नाव पडले. इलिनॉय राज्यात लष्कराच्या बांधकाम प्रयोगशाळेत 'ब्लास्ट' नावाचा दुसरा कार्यक्रम निघाला. दोन सरकारी खाती, एकाच कामाचे दोन कार्यक्रम. हे आपल्याकडेच होते असे नाही. वीस वर्षांनी दोघांचे चांगले तेवढे घेऊन 'एनर्जीप्लस' केला गेला. तो २००१च्या एप्रिलमध्ये बाहेर पडला आणि आजही जगभर तोच आधार मानला जातो.

डीओई-२ला इमारत सांगायची कशी? नकाशा दाखवून नव्हे. तिच्यासाठी एक खास भाषा होती आणि तिचे नावही 'बिल्डिंग डिस्क्रिप्शन लँग्वेज', इमारत-वर्णनाची भाषा, असेच होते. प्रत्येक भिंत टंकून लिहायची: रुंदी इतकी, उंची इतकी, तोंड अमुक अंशाकडे, आत विटांचा थर, त्यावर गिलावा. चित्र कोठेच नाही. एका मोठ्या इमारतीचे वर्णन म्हणजे पानेच्या पाने. वास्तुविशारदाला ही भाषा येत नसे आणि शिकण्याची हौसही नसे. मग यंत्र-अभियंता नकाशा समोर ठेवून तो हाताने या भाषेत उतरवी. या भाषांतराला आठवडे लागत, आणि तोवर नकाशात एखादी खिडकी सरकलेली असे. ज्या इमारतीचे गणित झाले ती आणि जी बांधली गेली ती, या दोन निराळ्या इमारती असत.

रेघेच्या बाजूनेही संगणक येतच होता. १९६३ साली आयव्हन सदरलँडने एमआयटीत पडद्यावर प्रकाश-लेखणीने आकृती काढून दाखवली. १९८२च्या डिसेंबरात 'ऑटोकॅड' आले आणि हळूहळू कचेऱ्यांतले ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. पण ऑटोकॅडमधली रेघ ही नुसती रेघच होती. ती भिंत आहे, कुंपण आहे की जिन्याचा कठडा, हे तिला माहीत नव्हते. चार्ल्स ईस्टमन या प्राध्यापकाने १९७५ सालीच लिहून ठेवले होते की, संगणकात इमारतीचे चित्र नव्हे, इमारतच साठवावी, म्हणजे भिंतीला आपण भिंत आहोत आणि विटांची आहोत हे कळेल. ते व्यवहारात यायला पंचवीस वर्षे लागली.

उजेडाचे काय झाले? १९८५ साली बर्कलीच्याच प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड नावाच्या तरुणाने 'रेडियन्स' नावाच्या कार्यक्रमाला हात घातला. ही गोष्ट मला फार आवडते. प्राचीन ग्रीकांपैकी कित्येकांची समजूत होती की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूंना स्पर्श करतात. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने ती खोडून काढली. पण संगणकाला उजेड मोजायचा तर हीच जुनी समजूत कामी येते! दिव्यापासून किंवा आकाशापासून निघणारे सगळे किरण मोजू गेलो तर बहुतेक किरण आपल्या टेबलापर्यंत येतच नाहीत आणि श्रम वाया जातात. म्हणून डोळ्यापासून किंवा टेबलावरच्या बिंदूपासून उलटे निघायचे, आणि किरण भिंतीवर, छतावर आपटत आपटत खिडकीबाहेर कोणत्या आकाशाला जाऊन भिडतो ते शोधायचे. किरण उलटे पाठवण्याची ही रीत वॉर्डच्या आधीची. त्याचे खरे कसब भिंतीवरून परतलेल्या उजेडात होते. खोलीतला बराचसा उजेड असा परतलेलाच असतो. आपण वर्गाला पांढरा चुना देतो तो त्यासाठीच, कारण चांगली पांढरी भिंत पडलेल्या उजेडाच्या शेकडा ७०-८० परत करते आणि मळकट तपकिरी भिंत निम्माही नाही. हा परतलेला उजेड खोलीत सावकाश बदलतो. तेव्हा तो मोजक्या ठिकाणी काळजीपूर्वक मोजून मधल्या जागी अंदाजाने भरावा, अशी युक्ती वॉर्डने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९८८ साली प्रसिद्ध केली.

त्या काळी संगणकाची चित्रे बनवणारे पुष्कळ होते, पण त्यांना चित्र सुंदर दिसण्याशी मतलब होता. रेडियन्सच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यामागे खरे मोजमाप होते. ते खरे आहे की नाही याची परीक्षाही झाली, आणि ती झाली पुन्हा गार्स्टनच्याच आकाशाखाली. तेथे बाहेरचे आकाश आणि आतली खोली यांची एकाच वेळी घेतलेली मोजमापे होती. लेस्टरच्या जॉन मार्दालिएविच यांनी १९९०च्या दशकात तीच आकाशे रेडियन्सला दिली, आणि उत्तरे खोलीतल्या प्रत्यक्ष आकड्यांच्या जवळ आली. मात्र रेडियन्सलाही नकाशा कळत नव्हता. त्याचीही आपली मजकुराची भाषा, टंकून दिलेली.

आता दुभाष्यांची पाळी. ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात अँड्र्यू मार्श यांनी वास्तुकलेतल्या पीएच.डी.च्या कामातून 'इकोटेक्ट' हा कार्यक्रम विकसित केला. १९९६ साली तो विक्रीस आला. मार्श स्वतः वास्तुकलेच्या अंगाने आलेले, त्यामुळे त्यांनी गणित आकड्यांच्या तक्त्यात न ठेवता नकाशावरच आणून बसवले. खोली काढली की तिच्याभोवती सूर्याचा मार्ग दिसे; महिना सरकवला की सावली सरके; जमिनीवर उजेडाचे रंगीत पट्टे उमटत. त्याचे उष्णतेचे स्वतःचे गणित ढोबळ होते आणि जाणकार त्याला नाके मुरडत. परंतु तो तेच घर रेडियन्सच्या आणि एनर्जीप्लसच्या भाषेत उतरवूनही देई. जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची एक पिढी त्यावर शिकली. २००८ साली तो ऑटोडेस्क या मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि २०१५च्या मार्चमध्ये त्याची विक्री बंद केली. त्यातले काही गुण कंपनीच्या 'रेव्हिट' या कार्यक्रमात घेतले गेले म्हणतात. दुभाष्याला मोठ्या घराने पगारी ठेवून घ्यावे आणि मग बाहेरच्यांशी बोलू देऊ नये, तसे हे झाले.

दुसरे प्रयत्न खुले होते, म्हणून टिकले. २००० साली कॅलिफोर्नियात 'जीबीएक्सएमएल' नावाची एक समाईक बोली निघाली. नकाशाच्या कार्यक्रमाने तिच्यात लिहावे आणि गणिताच्या कार्यक्रमाने वाचावे. त्याच वर्षी कोलोरॅडोत बोल्डर येथे 'स्केचअप' निघाले. हे इतके सोपे की शाळेतले पोरगे तासाभरात त्यात घर उभे करते. २००६ साली ते गूगलकडे गेले, २०१२ साली ट्रिंबलकडे. त्याच राज्यातल्या गोल्डन येथील राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २००८ साली एक जोड-कार्यक्रम दिला, ज्यामुळे स्केचअपमध्ये काढलेले घर सरळ एनर्जीप्लसला वाचता येऊ लागले, आणि तोही फुकट. २०१३ साली मुस्तफा रूदसरी या इराणी वास्तुविशारदाने 'लेडीबग' सुरू केले. ते 'राइनो' या आकृतीच्या कार्यक्रमातल्या 'ग्रासहॉपर' नावाच्या अंगाला जोडले जाते, आणि त्याचे भावंड 'हनीबी' रेडियन्स व एनर्जीप्लस या दोघांशी बोलते. नाकतोडा, ढालकिडा आणि मधमाशी. शास्त्रज्ञांनाही बारशाची हौस असतेच. हवामानाचा कागद, नकाशा, उजेड आणि उष्णता एकाच पडद्यावर आली ती येथे. खिडकी हाताने ओढून मोठी केली की मागे गणित नव्याने चालते.

तरी भाषांतरात काही गळतेच. वास्तुविशारदाच्या नकाशात भिंत जाड असते. उष्णतेच्या गणितात ती बिनजाडीचा पडदा असते आणि जाडी नुसती सांगितलेली असते. वास्तुविशारद कठडे, खांब, नक्षी सगळे काढतो. गणिताला हवा असतो बंद डबा, आणि दोन भिंतींच्या सांध्यात केसभर फट राहिली तरी तो डबा बंद मानला जात नाही. उलट उजेडाच्या गणिताला मात्र तो कठडा आणि ती छज्जाची जाडी हवीच, कारण सावली त्यांचीच पडते. म्हणजे एकाच घराचे तीन अवतार ठेवावे लागतात. ज्याला तिन्ही कळतात असा माणूस मध्ये नसेल तर संगणक बिनचूक आकडे देतो, आणि ते भलत्याच इमारतीचे असतात.

आता थोडे आपल्याकडे. इंग्रजांच्या पुस्तकांतले आकाश ढगाळ असते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या स्वच्छ आकाशाचा वेगळा अभ्यास केला आणि आपल्या मानकात ८००० लक्सचे आकाश धरले गेले; इंग्लंडमध्ये ५००० धरतात. दिशांचेही तसेच. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, हे पाश्चात्त्य पुस्तकातले वाक्य बेळगावला लागू नाही. आपण विषुववृत्तापासून सोळा अंशांच्या आतच आहोत, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुमारे दहा तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पावसाळी ढगांमुळे जाणवत नाही इतकेच. बर्लिनहून परागंदा होऊन १९३९ साली म्हैसूर संस्थानात आलेले ओटो कोनिग्सबर्गर यांना हे सारे उमगले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे लंडनहून उष्ण प्रदेशांसाठी कागदी तक्ते तयार केले, ते १९७१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने छापले. तापमान, आर्द्रता आणि पाऊस भरला की पहिली रेघ ओढण्याआधीच भिंत जाड हवी की पातळ, खोल्या एकेरी ओळीत हव्यात की दुहेरी, हे कळे. संगणक नाही, वीजही नाही. पण गणित रेघेच्या आधी!

२००७ साली आपल्या देशात ऊर्जासंवर्धनाची इमारत-संहिता आली, आणि संगणकी गणिताने नियम पाळल्याचे दाखवण्याची सोय तिच्यात आहे. ती मोठ्या व्यापारी इमारतींसाठी. आमच्यासारख्या शाळांचा जोडभार तेथवर पोहोचत नाही. सोय झाली हे चांगलेच, पण तिच्यामुळे बहुतेक ठिकाणी गणित नकाशा पुरा झाल्यावर, प्रमाणपत्रापुरते केले जाते असे मला दिसते. एनर्जीप्लसला हवामानाची धारिका लागते, वर्षाच्या ८७६० तासांची. भारतातल्या पन्नासहून अधिक शहरांच्या अशा धारिका वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने तयार करवून दिल्या आहेत. इंग्रजी वर्णानुक्रमाने बाडमेर आणि भागलपूर यांच्या मध्ये जुन्याच स्पेलिंगने आपले बेळगाव आहे. पणजी, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, सोलापूर, रत्नागिरी हीही आहेत. इतकी आपली गावे एका यादीत आणि वाद नाही, असा हा दुर्मीळ कागद.

आमच्या शाळेची जुनी इमारत मंगळुरी कौलांची, मधे मधे काचेची कौले. नवी इमारत तीन मजली व्हायची आहे. संस्थेच्या कार्यकारिणीच्या मनात रस्त्याकडची दर्शनी बाजू सबंध काचेची करायचे होते, आणि रस्ता पश्चिमेला. देणगीदारांनाही ते पसंत होते. काच म्हणजे प्रगती, अशी आपल्याकडे आता समजूत आहे. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात वास्तुविशारद आहे. त्याने नकाशा मागवून घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत आला तो लॅपटॉप घेऊनच. बैठकीत त्याने भाषण केले नाही. वर्गाची जमीन पडद्यावर आणली आणि महिने सरकवले. मार्च-एप्रिलच्या दुपारी काचेलगतच्या तीन रांगा लालभडक, आणि त्याच वेळी कॉरिडॉरकडची मागची रांग गडद निळी. खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट अंतरापलीकडे उजेड कामाचा राहत नाही, हे त्याने एका वाक्यात सांगितले. लाल पट्ट्यातली मुले पडदे ओढणार, पडदे ओढले की मागे आणखी अंधार, मग दिवसा ट्यूबलाइट. मागच्या रांगेत कोणती मुले बसतात, हे मुख्याध्यापकाला संगणकाने सांगावे लागत नाही.

एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अरे, पण हे चित्र खरे कशावरून?" त्यावर त्याने जुन्या इमारतीतल्या सातवी 'ब'च्या वर्गाचे चित्र लावले. त्या वर्गात तो स्वतः शिकला होता आणि ते सदस्यही. काचेच्या कौलाखालचा उजेडाचा ठिपका कोणत्या बाकावर येतो, यावर पुढची दहा मिनिटे दोघांचे बोलणे चालले, आणि पुरावा मान्य झाल्यासारखा झाला.

निर्णय अर्धा झाला. वर्ग आता उत्तर-दक्षिण तोंडाचे आहेत, खिडक्यांचे माथे छतापर्यंत नेले आहेत, कॉरिडॉरच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोके आहेत, आणि मेच्या उत्तरेच्या उन्हासाठी त्या बाजूलाही छज्जे आहेत. देणगीदारांचा मान राखायला पश्चिमेची काच राहिली, पण तिच्यामागे फक्त जिना, कार्यालय आणि मुख्याध्यापकांची खोली येते. ती खोली पडद्यावर कोणत्या रंगाची दिसते, हे मी विचारले. त्याने हसून लॅपटॉप मिटला.